लॅम्डाचं बिल आणि मिडीचे थर: सर्व्हरलेस फंक्शनमध्ये ‘हलकं’ म्हणजे नेमकं किती?

२०२५ च्या उत्तरार्धात सर्व्हरलेसवर काम करणाऱ्यांसाठी चार बातम्या आल्या. १ ऑगस्टपासून एडब्ल्यूएसने लॅम्डा फंक्शनच्या ‘इनिट’ टप्प्याचे, म्हणजे फंक्शन जागं होण्याच्या वेळेचे, पैसे सरसकट लावायला सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये एनपीएमवरच्या पॅकेजेसमध्ये एकामागून एक घातक कोड घुसवला गेला. नोव्हेंबरमध्ये लॅम्डावर नोड २४ आलं आणि कॉलबॅक पद्धतीचे हँडलर बंद झाले. त्याच महिन्यात आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले.

या बातम्या वेगवेगळ्या ठिकाणी छापून आल्या. एक बिलिंगची, एक सिक्युरिटीची, एक रनटाइमची आणि एक सरकारी. पण तुम्ही जर नोडमध्ये लॅम्डा फंक्शन लिहीत असाल, तर चारही बातम्या तुमच्या कोडमधल्या एकाच जागी येऊन भेटतात: हँडलरच्या भोवती गुंडाळलेल्या मिडलवेअरमध्ये. आणि नोडच्या जगात हे काम करणारी सगळ्यात ओळखीची लायब्ररी म्हणजे मिडी. तेव्हा आज मिडीच्या निमित्ताने हे सगळं नीट समजून घेऊया.

आधी मिडलवेअर म्हणजे काय ते

लॅम्डा फंक्शनचं मूळ काम सहसा छोटं असतं. समजा, एखाद्या पतसंस्थेच्या ॲपमध्ये ‘खात्याची शिल्लक सांग’ एवढंच काम आहे. डेटाबेसला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर परत द्यायचं, दहा ओळींत होतं. पण त्याच्या आजूबाजूला बरीच कामं असतात. आलेली जेसॉन बॉडी उलगडायची, माहिती बरोबर भरली आहे का ते तपासायचं, टोकन खरं आहे का ते पाहायचं, डेटाबेसचा पासवर्ड कुठून तरी आणायचा, लॉग लिहायचा, चूक झाली तर नीट एरर द्यायची आणि ब्राउझरसाठी कॉर्सचे हेडर लावायचे. दहा ओळींचं काम सत्तर ओळींचं होतं आणि त्या साठ ओळी प्रत्येक फंक्शनमध्ये कॉपी-पेस्ट होत राहतात.

तहसील कार्यालय डोळ्यांसमोर आणा. अर्ज आधी आवक टेबलावर जातो, मग कागदपत्रं तपासणाऱ्याकडे, मग साहेबांकडे. साहेबांची सही झाली की त्याच वाटेने परत फिरतो आणि शेवटी जावक नंबर पडून बाहेर येतो. साहेबांनी फक्त निर्णय घ्यायचा, शिक्के मारत बसायचं नाही. मिडलवेअर म्हणजे ही मधली टेबलं. तुमचा हँडलर म्हणजे साहेब.

मिडीमध्ये प्रत्येक टेबलाला तीन वेळा बोलावणं येऊ शकतं: हँडलरच्या आधी (बिफोर), हँडलरच्या नंतर (आफ्टर) आणि काही बिघडलं तर (ऑनएरर). बिफोर ज्या क्रमाने तुम्ही जोडलं त्या क्रमाने चालतं, आफ्टर उलट्या क्रमाने. लुचानो मम्मिनो यांनी सुरू केलेला हा ओपन सोर्स प्रकल्प आहे. त्याचा गाभा अगदी छोटा असून जेसॉन बॉडी, कॉर्स, व्हॅलिडेशन, सीक्रेट्स वगैरे प्रत्येक कामासाठी वेगळं पॅकेज आहे. हवं तेवढंच घ्या, असा त्यामागचा विचार. एडब्ल्यूएसच्या पॉवरटूल्स या टूलकिटमध्येसुद्धा टाइपस्क्रिप्टसाठी लॉगर, ट्रेसर, मेट्रिक्स मिडीला जोडता येतील अशी सोय दिलेली आहे. म्हणजे ही कोपऱ्यातली लायब्ररी नाही.

आता एकेका बातमीकडे वळू.

पहिली बातमी: जागं होण्याचे पैसे

लॅम्डाला बराच वेळ कुणी हाक मारली नाही, किंवा एकदम जास्त हाका आल्या, की एडब्ल्यूएस नवीन एन्व्हायर्नमेंट उभं करतं. तुमचा कोड उतरवतं, नोड सुरू करतं आणि हँडलरच्या बाहेर लिहिलेलं सगळं चालवतं. सगळे इंपोर्ट याच वेळी लोड होतात. याला कोल्ड स्टार्ट म्हणतात आणि कोड चालवण्याच्या या तयारीला इनिट टप्पा.

झिप फाइलने चढवलेल्या आणि एडब्ल्यूएसचं तयार रनटाइम वापरणाऱ्या साध्या फंक्शनसाठी हा इनिट टप्पा आतापर्यंत फुकट होता. कंटेनर इमेज, कस्टम रनटाइम किंवा प्रोव्हिजन्ड कन्करन्सी वापरणारे मात्र आधीपासून पैसे भरत होते. १ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्यांना एकच नियम लागू झाला.

बातमी आल्यावर बऱ्याच जणांचा सूर ‘आता लायब्ररी वापरणं महागात पडणार’ असाच होता. मला ते पटलं नाही, म्हणून हिशोबच मांडला. तुम्हीही करून बघा.

समजा, तुमच्या फंक्शनला ५१२ एमबी मेमरी आहे, महिन्याला १० लाख हाका येतात, प्रत्येक हाक १०० मिलिसेकंद चालते आणि इनिटला ६०० मिलिसेकंद लागतात. एक्स८६ चा दर एका जीबी-सेकंदाला ०.००००१६६६६७ डॉलर आहे आणि दर १० लाख रिक्वेस्टना ०.२० डॉलर. फ्री टियर बाजूला ठेवू. मग फंक्शन चालण्याचे पैसे होतात साधारण ०.८३ डॉलर, रिक्वेस्टचे ०.२०, एकूण १.०३ डॉलर.

आता इनिट. प्रॉडक्शनमध्ये कोल्ड स्टार्टचं प्रमाण साधारणपणे १ टक्क्याहून कमी असतं, असं एडब्ल्यूएस स्वतः सांगतं. १ टक्का धरला तर १०,००० कोल्ड स्टार्ट, प्रत्येकी ०.६ सेकंद, अर्धा जीबी, म्हणजे ३,००० जीबी-सेकंद. पैसे: ०.०५ डॉलर. रुपयांत पाचच्या आसपास. बिल पाच टक्क्यांनी वाढलं, पण एवढ्याने कुणाचं दिवाळं निघत नाही.

पण आता तोच हिशोब जरा वेगळ्या फंक्शनवर करा. तुमच्याकडे एक नाही, पंधरा-वीस छोटी फंक्शन्स आहेत आणि प्रत्येकाला अधूनमधून, तुटक हाका येतात. अशा ठिकाणी समजा २० टक्के वेळा कोल्ड स्टार्ट झाला. तेवढ्याच १० लाख हाकांमागे इनिटचेच ६०,००० जीबी-सेकंद, म्हणजे १ डॉलर. मूळ बिल १.०३ होतं, आता २.०३ झालं. जवळपास निम्मं बिल फक्त जागं होण्याचं!

अर्थात फ्री टियरमध्ये महिन्याला ४ लाख जीबी-सेकंद आणि १० लाख रिक्वेस्ट मिळतात, त्यामुळे छोट्या व्यवसायाला हे पैसेही कदाचित भरावे लागणार नाहीत. मग प्रश्न कुठे आहे? प्रश्न वेळेचा आहे, आणि तो बिलात दिसत नाही. ज्या पतसंस्थेच्या ॲपवर दिवसभर तुरळक लोक येतात, तिथे येणाऱ्या दर पाचव्या माणसाला फंक्शन जागं होईपर्यंत ताटकळावं लागतं. गर्दी असलेल्या ॲपमध्ये ही वाट शंभरात एखाद्याच्या वाट्याला येते. म्हणजे जड कोडचा त्रास मोठ्या कंपनीपेक्षा छोट्यांच्या ग्राहकांना जास्त होतो. नव्या बिलिंगने एवढंच केलं की आजवर फक्त ग्राहकाला जाणवणारी गोष्ट आता आकड्यांत दिसायला लागली. मला तरी ही बातमी त्या अर्थाने चांगली वाटते.

मग मिडी जड आहे का?

मिडीचा गाभा जड नाही. जड होतं ते आपण त्याला काय जोडतो त्यामुळे. इथे ‘हलकी लायब्ररी’ हे विशेषण जरा फसवं आहे. उदाहरणार्थ, व्हॅलिडेटर पॅकेज एजेव्ही ही स्कीमा तपासणारी लायब्ररी सोबत आणतं. सीक्रेट्स मॅनेजर किंवा पॅरामीटर स्टोअरमधून माहिती आणणारी मिडलवेअर एडब्ल्यूएस एसडीकेचे क्लायंट आणतात. प्रत्येक गोष्ट उपयोगाचीच आहे, पण पाच-सहा टेबलं मांडली की कार्यालय उघडायलाच वेळ लागतो.

कोड रिव्ह्यूमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी गोष्ट म्हणजे ‘कॉमन मिडलवेअर’ नावाची एक फाइल. त्यात सगळं एकत्र बांधलेलं असतं आणि प्रत्येक फंक्शन तेच इंपोर्ट करतं. एसक्यूएसच्या रांगेतून मेसेज उचलणारं फंक्शनसुद्धा कॉर्सचे हेडर लावायची तयारी करत बसतं! रांगेला कुठला आलाय ब्राउझर?

उपाय साधे आहेत. एचटीटीपीसाठी एक संच, रांगेसाठी एक, वेळापत्रकावर चालणाऱ्या कामांसाठी एक, असे वेगळे गट करा. एसबिल्डसारख्या बंडलरने न वापरलेला कोड काढून टाका. एजेव्हीची स्कीमा फंक्शन जागं होताना कंपाइल करण्याऐवजी बिल्डच्या वेळीच करून ठेवता येते, ते करा. क्लाउडवॉचमध्ये कोल्ड स्टार्टच्या रिपोर्ट ओळीत ‘इनिट ड्युरेशन’ लिहिलेला असतो. नवीन पॅकेज जोडण्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला की वाद घालायची गरज उरत नाही.

आणि त्याहून आधीचा प्रश्न: हे काम फंक्शनमध्ये करायलाच हवं का? एपीआय गेटवेच्या एचटीटीपी एपीआयमध्ये कॉर्स आणि जेडब्ल्यूटी टोकनची तपासणी कॉन्फिगरेशननेच होते. चुकीचा माणूस गेटवरच अडवला तर साहेबांना उठवायचं कारणच नाही.

दुसरी बातमी: एनपीएमचा सप्टेंबर

८ सप्टेंबर २०२५ ला चॉक, डीबग अशा १८ पॅकेजेसच्या आवृत्त्यांमध्ये घातक कोड आला. या सगळ्यांचे मिळून आठवड्याला २०० कोटींहून जास्त डाउनलोड होतात. पद्धत जुनीच होती: पॅकेज सांभाळणाऱ्याला एनपीएमच्या नावाने खोटा ईमेल, ‘तुमचं टू-फॅक्टर अपडेट करा’. तो कोड ब्राउझरमधल्या क्रिप्टो वॉलेटचे पत्ते बदलण्यासाठी होता आणि काही तासांत काढला गेला. पुढच्याच आठवड्यात ‘शाय-हुलुद’ नावाचा वर्म आला. तो डेव्हलपरच्या मशीनवरची टोकन्स आणि किल्ल्या शोधून चोरायचा आणि चोरलेल्या टोकनने त्याच माणसाच्या इतर पॅकेजेसमध्ये स्वतःची प्रत घालायचा. ५०० हून जास्त पॅकेजेस बाधित झाली. नोव्हेंबरमध्ये त्याची दुसरी लाट आली.

लॅम्डावाल्यांनी याची जास्त काळजी का करावी? कारण फंक्शनच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये त्याच्या रोलच्या तात्पुरत्या किल्ल्या ठेवलेल्या असतात. फंक्शनमध्ये चालणारं कुठलंही पॅकेज त्या वाचू शकतं. शिवाय मिडलवेअरची जागाच अशी आहे की प्रत्येक रिक्वेस्ट, प्रत्येक टोकन, प्रत्येक पासवर्ड त्याच्या हातून जातो. आवक टेबलावरचा माणूस फितूर झाला तर साहेब कितीही सचोटीचे असले तरी काय उपयोग?

यावर काही जण म्हणतात, ‘मग लायब्ररी नकोच, स्वतः लिहूया.’ या म्हणण्यात तथ्य आहे. तुम्हाला फक्त एरर पकडायची आणि जेसॉन उलगडायचं असेल, तर हँडलरला गुंडाळणारं वीस ओळींचं फंक्शन स्वतः लिहिणं जास्त शहाणपणाचं. पण व्हॅलिडेशन, सीक्रेट्सचं कॅशिंग, रांगेतल्या अर्धवट फसलेल्या बॅचचं उत्तर अशा गोष्टी यायला लागल्या की घरगुती वीस ओळींच्या दोनशे होतात. त्यांना टेस्ट नसतात, आणि ज्याने लिहिल्या तो नोकरी बदलून गेलेला असतो. तेव्हा लायब्ररी बरी.

फक्त ती घेताना लॉकफाइल रेपोमध्ये ठेवा आणि बिल्ड सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. शक्य तिथे इन्स्टॉलच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद ठेवा. आज सकाळी आलेली आवृत्ती आज दुपारीच घ्यायची घाई करू नका. पीएनपीएमने तर सप्टेंबरमध्येच ‘इतका वेळ जुनी झालेली आवृत्तीच घे’ असं सांगायची सेटिंग दिली. आणि फंक्शनच्या रोलला कामापुरतेच अधिकार द्या. शिल्लक वाचणाऱ्या फंक्शनला खातं पुसायचा अधिकार कशाला?

तिसरी बातमी: कॉलबॅकचा निरोप

नोव्हेंबर २०२५ मध्ये लॅम्डावर नोड २४ आलं. त्यात तिसरा पॅरामीटर म्हणून कॉलबॅक घेणारा हँडलर चालत नाही. असिंक-अवेटच वापरावं लागतं. ज्यांनी मिडी नियमित अपडेट केली, त्यांना यात फार काम नाही, कारण मिडीने ही जुनी पद्धत आधीच सोडून दिली होती. अडचण आहे ती जुन्या ट्यूटोरियलवरून लिहिलेल्या आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ म्हणून तशाच राहिलेल्या फंक्शन्सची. नोड १८ चं आयुष्य एप्रिल २०२५ मध्येच संपलं आहे. लॅम्डावर जुनं रनटाइम लगेच बंद पडत नाही, पण आधी सिक्युरिटी पॅच थांबतात आणि काही काळाने त्यावर कोड अपडेटही करता येत नाही.

स्थलांतर करताना क्रमाचा एक बारकावा लक्षात ठेवा. मिडीमध्ये बिफोरने एखादं उत्तर परत केलं, तर हँडलर चालत नाही आणि आफ्टरसुद्धा चालत नाही. समजा, टोकन चुकीचं म्हणून तुमच्या मिडलवेअरने थेट ४०१ परत केला. कॉर्सचे हेडर लावणारं टेबल परतीच्या वाटेवर होतं, तिथपर्यंत अर्ज पोचलाच नाही. ब्राउझरमध्ये दिसते कॉर्सची एरर आणि फ्रंटएंडचा माणूस दिवसभर भलतंच शोधत बसतो. त्याऐवजी एरर फेकली तर ऑनएररची साखळी चालते. तीही उलट्या क्रमाने, म्हणून एरर हँडलर सगळ्यात शेवटी जोडायचा, म्हणजे तो सगळ्यात आधी उत्तर तयार करतो आणि मग कॉर्स त्यावर आपले हेडर लावतो.

दुसरा बारकावा सीक्रेट्सचा. मिडीची सीक्रेट आणणारी मिडलवेअर आणलेली किंमत कॅश करतात आणि मुदत दिली नाही तर ते एन्व्हायर्नमेंट जिवंत असेपर्यंत तीच वापरतात. वेग छान मिळतो. पण तुम्ही डेटाबेसचा पासवर्ड बदललात, तर गरम असलेली फंक्शन्स जुन्याच पासवर्डने दार ठोठावत राहतात. पासवर्ड आपोआप बदलत असेल, तर कॅशची मुदत स्पष्ट लिहा.

चौथी बातमी: लॉगमध्ये पडलेली माणसं

ही बातमी तंत्रज्ञानाच्या पानावर आली नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी काळजी घेतली नाही, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

आता मिडीचं इनपुट-आउटपुट लॉगर बघा. एक ओळ जोडली की आलेला इव्हेंट आणि गेलेलं उत्तर लॉगमध्ये जातं. डीबगिंगला वरदानच. पण त्या इव्हेंटमध्ये मोबाइल नंबर असतो, पॅन असतो, कधी आधार असतो, टोकन तर असतंच. आणि क्लाउडवॉचचा लॉग ग्रुप साधा तयार केला तर त्यातले लॉग कधीच पुसले जात नाहीत, मुदत आपण घालायची असते. म्हणजे ग्राहकाने ‘माझी माहिती काढून टाका’ म्हटलं, तुम्ही डेटाबेसमधून काढलीही, तरी तिची प्रत लॉगमध्ये वर्षानुवर्षं पडून राहणार. लॉग बघण्याची परवानगी मात्र टीममधल्या प्रत्येकाला असते.

लॉगरमध्ये ठरावीक फील्ड वगळण्याची सोय आहे. ती वापरा, लॉग ग्रुपला मुदत घाला, आणि प्रॉडक्शनमध्ये पूर्ण इव्हेंट छापायची खरंच गरज आहे का, ते टीमला एकदा विचारा. ज्या बाईने कर्जाच्या अर्जात आपला पॅन भरला, तिला मिडलवेअर म्हणजे काय ते माहीत नसतं. तिने माहिती पतसंस्थेला दिली होती, आपल्या डीबगिंगला नाही.

थोडक्यात

चारही बातम्या एकत्र ठेवल्या तर एकच गोष्ट समोर येते. मिडलवेअर सोयीसाठी आलं आणि ते नजरेआड राहतं, हीच त्याची खुबी आहे. पण नजरेआड राहिलेल्या कोडलाच आता वेळ मोजावा लागतो, पैसे मोजावे लागतात, आणि विश्वासही तिथेच ठेवावा लागतो. मिडी वापरू नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः वापरतो. फक्त पॅकेजच्या पानावर ‘हलकं’ लिहिलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तुमच्या फंक्शनचा इनिटचा आकडा, लॉकफाइलची लांबी आणि लॉगमधली एक खरीखुरी ओळ, या तीन गोष्टी या आठवड्यात उघडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तुमचं फंक्शन खरंच किती हलकं आहे ते त्यातून कळेल.